कान देणारं कुणी

१

माझं काम सोपं आहे असं लोकांना वाटतं, आणि ते बरंचसं खरं आहे. मी माणसांचे कान तपासते. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून उजवीकडे माझी खोली. त्या खोलीच्या आत आणखी एक लहान खोली आहे, तिला आम्ही सगळे पेटी म्हणतो. भोकाभोकांच्या पत्र्याच्या भिंती, त्यांत दाबून भरलेला कापसासारखा माल, खाली जाड गालिचा, आणि दार इतकं जड की म्हाताऱ्या माणसांना ते मलाच उघडून द्यावं लागतं. दाराशेजारी दुहेरी काचेची खिडकी. तिच्या अलीकडे मी आणि माझं यंत्र, पलीकडे खुर्चीत बसलेला माणूस.

त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "टूं असा बारीक आवाज आला की दाबा. आल्यासारखा वाटला तरी दाबा." त्यानं बटण दाबलं की माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. मग मी आवाज आणखी बारीक करते. दिवा लागायचा थांबला की तिथे त्या माणसाचं ऐकणं संपलं. तो ठिपका मी कागदावर मारते. असे दहाबारा ठिपके झाले की आलेख तयार.

मी या कामाला कशी लागले याचं घरी सगळ्यांना नवल वाटतं, कारण मला स्वतःला आवाज सोसत नाहीत. आवाजांचंच काय, कपड्याच्या मानेजवळची चिठ्ठी मला दिवसभर ओरबाडत राहते. फरशी पुसायच्या औषधाचा वास आला की डोकं बधिर होतं. ट्यूबलाइट गुणगुणते हे इतरांना माहीतच नसतं, हे मला बाराव्या वर्षी कळलं. ताटावर चमचा घासला की मी जेवणावरून उठत असे, आणि आई म्हणत असे, "झाले हिचे नखरे सुरू." दादानं माझं नाव टाचणी ठेवलं. पडली तरी हिला ऐकू येते, म्हणून. ते नाव इतकं चिकटलं की वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला माझं खरं नाव ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी एक निवृत्त बसड्रायव्हर आले होते. उजवा कान बराच गेलेला, डावा ठीक. शेवटचा आवाज देऊन झाला, मी यंत्रावरून हात काढला आणि कागदावर ठिपका मारायला वाकले. हिरवा दिवा लागला.

यात विशेष काही नाही. माणसं चुकून बटण दाबतात. त्याला आमच्याकडे खोटा होकार म्हणतात. मी तो सोडून दिला.

त्यांच्यानंतर एक शिक्षिका आल्या. त्यांची तपासणी संपली, मी हात काढला, आणि दिवा लागला. त्यानंतर कॉलेजातली एक मुलगी आली. तिच्या वेळी मी मुद्दाम यंत्रापासून दूर सरकून बसले. घड्याळाचा काटा तिसावा सेकंद ओलांडत होता. दिवा लागला, आणि तो लागूनच राहिला. मुलीचा अंगठा बटणावर होता. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

२

यंत्र दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या दिवशी आला. त्यानं बटण उघडलं, वायर तपासली, हेडफोन बदलून पाहिले, आणि हात पुसत म्हणाला, "बाई, यंत्र ठणठणीत आहे. आता माणसं तपासा."

मी हसले. पण मग खरंच माणसं तपासायला लागले. दोन आठवडे मी कागदाच्या कोपऱ्यात बारीक खूण करत होते. लहानमोठे, शिकलेले-न शिकलेले, घाईतले आणि निवांत, जवळजवळ सगळेच दाबत होते. तपासणी चालू असताना चूक नाही. ती संपल्यावर, मी काहीही करत नसताना, साधारण अर्ध्या मिनिटाच्या शांततेनंतर.

मी माझ्या मनाची समजूत घालत होते. शांततेत माणसाला आवाजाचा भास होतो, हे पुस्तकातही लिहिलेलं आहे. वाट पाहणारा कान स्वतःच काहीतरी बनवतो. असेल.

पण त्या शिक्षिका आलेख न्यायला परत आल्या तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, "शेवटी तुम्ही एकदा बटण दाबलंत, आठवतं? कसला आवाज आला होता?"

त्या जरा ओशाळल्या. "आवाज नव्हता आला. तुम्ही ऐकत होतात ना, म्हणून दाबलं."

"मी ऐकत होते?"

"म्हणजे... कुणीतरी कान देऊन ऐकतंय असं वाटलं. आपण बोलत नसतानाही. मला वाटलं तुम्हीच असाल. वर्गात चाळीस पोरं असतात हो, कुणी असं ऐकत नाही," असं म्हणून त्या हसल्या आणि आलेख पिशवीत घालून गेल्या.

त्याच आठवड्यात एक सुतार आला. जन्मापासून पूर्ण बहिरा. त्याला कसल्याशा प्रमाणपत्रासाठी तपासणी हवी होती. बरोबर बायको होती, ती त्याच्याशी हातांनी बोलत होती. मी यंत्राचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. इतका, की तो बाहेर माझ्याच दातांत जाणवला. सुतार मख्ख बसून होता. एकही दिवा लागला नाही. मी यंत्र बंद केलं, त्याच्या बायकोला म्हटलं, "झालं, बोलवा त्यांना," आणि तेवढ्यात दिवा लागला.

तो बाहेर आल्यावर मी त्याच्या बायकोला विचारायला लावलं. त्यानं आधी मान हलवली, नाही, ऐकू काही आलं नाही. मग त्यानं तळहाताची वाटी करून कानामागे धरली, जशी आपण नीट ऐकण्यासाठी धरतो. ती वाटी तशीच धरून त्यानं दुसऱ्या हातानं पेटीकडे बोट दाखवलं. खुर्चीच्या मागच्या कोपऱ्याकडे.

बायको म्हणाली, "काय म्हणतायत मलाच कळत नाहीये. म्हणतायत, ते ऐकत होतं."

३

जेवणाच्या सुट्टीत मजला रिकामा होतो. मी डबा बाजूला ठेवला, पेटीत गेले, दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसले.

चार वर्षं मी त्या पेटीसमोर बसत होते. आत मात्र कधी दार लावून बसले नव्हते.

पहिल्यांदा ऐकू आली ती मी स्वतः. छातीतले ठोके, गिळताना घशातला टक असा आवाज, मान वळवली की हाडांची वाळूसारखी करकर. त्याच्या मागे कानात नेहमी असतो तो बारीक सूं. हे सगळं मला अपेक्षित होतं. मी डोळे मिटून तीस मोजायला लागले.

पंचविसाच्या आसपास करकर थांबली. मग सूं थांबला. मग ठोके. म्हणजे हृदय चालू होतं, मनगटावर बोट ठेवल्यावर लागत होतं, पण त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. कुणीतरी हातातलं ओझं न बोलता उचलून घ्यावं, तसं ते सगळं गेलं.

आणि मग ते जाणवलं. शिक्षिका म्हणाल्या होत्या तेच. माझ्या मागे, उजव्या खांद्याच्या थोडं वर, कुणाचं तरी पूर्ण लक्ष माझ्याकडे होतं. श्वास नव्हता, ऊब नव्हती. नुसतं लक्ष. आपण फोनवर बोलताना पलीकडचा माणूस गप्प असला तरी तो आहे हे कळतं ना, तसं.

मी घाबरायला हवं होतं. मला रडू आलं, तेही बरं वाटून. किती वर्षांनी माझे खांदे कानांपासून खाली आले होते. मी मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यात धैर्य-बिर्य काही नव्हतं. पाहिलं तर ते जाईल, अशी मला भीती वाटली.

बाहेर आले तेव्हा टेबलावर हिरवा दिवा लागलेला होता. बटण आत खुंटीवर होतं, मी ते हातात घेतलं नव्हतं.

मी वर पाहिलं. ट्यूबलाइट गुणगुणत नव्हती.

४

मी रोज जाऊ लागले. वीस मिनिटं, कधी अर्धा तास.

आमचं घर दुमजली. खाली दादा, वहिनी आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी, वर आई आणि मी. रविवारी सगळे वर जेवायला येतात. त्या रविवारी दादानं ताटात चमचा घासला आणि सवयीनं माझ्याकडे बघून "सॉरी" म्हणाला. मी जेवत राहिले. त्यानं पुन्हा घासला, मुद्दाम, गंमत म्हणून. मी म्हटलं, "काय झालं?"

आईनं हातातला घास खाली ठेवला. "तुला काही होत नाहीये?"

"नाही."

आईला इतका आनंद झाला की तिनं शेजारच्या काकूंना फोन करून सांगितलं. जणू मी परीक्षाच पास झाले होते. मीही खूश होते. चिठ्ठी असलेला नवा सदरा घालून मी तीन दिवस कामावर गेले. दुपारी गर्दीच्या रस्त्यावरून चालत घरी आले, हॉर्नच्या आवाजात, ओठांत काहीतरी गुणगुणत.

दर महिन्याला मी ज्या मानसोपचार डॉक्टरबाईंकडे जाते, त्यांनाही बदल दिसला. बाई शहाण्या आहेत. सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले होते ती झोप उडाली म्हणून, छातीत धडधडतं म्हणून, सकाळी उठावंसं वाटत नाही म्हणून. त्यांनी माझं लहानपण विचारलं, चमच्याचं विचारलं, चिठ्ठीचं विचारलं. मग म्हणाल्या, "माझ्या मेंदूच्या दारावर एक रखवालदार बसलेला असतो. कुणाला आत सोडायचं, कुणाला परत पाठवायचं ते तो बघतो. तुमच्या दारावर कुणी नाही. जो येतो तो सरळ आत. तुमची निम्मी भीती त्या गर्दीची आहे. आणि उरलेली निम्मी, ती गर्दी आहे यावर घरात कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून."

छत्तीस वर्षांत मला कुणी नखरेल म्हटलं नाही असा तो पहिलाच दिवस.

आता त्या म्हणाल्या, "छान दिसताय. काय बदललं?"

"काही नाही," मी म्हटलं. "रखवालदार मिळाला बहुतेक."

त्या हसल्या. मीही हसले. पेटीचं मी सांगितलं नाही.

५

पुढचं मी जसं घडलं तसं लिहिते.

रविवारचे सकाळचे अकरा वाजले होते. मी माझ्या खोलीत पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. दार उघडं होतं. आई न्हाणीघरात होती. काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज आला.

"अगं, पडले गं मी. ये जरा."

मला ते ऐकू आलं. शब्द कळले, अर्थ कळला. आवाज कुठून येतोय तेही कळलं. मी उशीच्या अभ्र्याची घडी पुरी केली आणि दुसरा अभ्रा घेतला.

"अगं येतेस ना? हात उचलत नाहीये माझा."

रस्त्यावरून जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांचं बोलणं खिडकीतून कानावर पडावं, तसं ते माझ्यावरून गेलं. मी चार अभ्र्यांच्या आणि दोन टॉवेलांच्या घड्या घातल्या. हे मला नक्की माहीत आहे, कारण ते नंतर तसेच रचलेले होते. आईनं किती हाका मारल्या ते सांगता येणार नाही. वहिनी खालून धावत आली, तिनं आईला उचललं, दादाला बोलावलं. ती माझ्या दारासमोरून गेली तेव्हा आमची नजरानजर झाली. मी तिच्याकडे पाहून, ओळखीच्या माणसाकडे पाहतो तशी, किंचित हसले.

आईचं मनगट मोडलं होतं.

संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आला. रागावलेला नव्हता. त्याचं मला जास्त लागलं. "ऐकू आलं नाही का तुला?" त्यानं विचारलं. माझ्याऐवजी तोच मला वाट काढून देत होता. नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता.

"आलं," मी म्हटलं.

तो खाली गेला.

६

माझे कान मी दुसऱ्या एका रुग्णालयात तपासून घेतले. आलेख सुरेख होता. तिथल्या मुलीनं कौतुकही केलं.

मग मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. पेटी, दिवा, सुतार, अभ्रे. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"चाळीस वर्षं डोळ्यात तेल घालून पहारा दिल्यावर मन कधीतरी मटकन खाली बसतं," त्या म्हणाल्या. "सगळ्याच गोष्टी लांबून घडल्यासारख्या वाटायला लागतात. हे होतं. तुम्ही आईवर प्रेम करत नाही असा याचा अर्थ नाही. पण त्या पेटीत जाणं आजपासून बंद करा."

"हो."

"आणि तिथे नेमकं काय आहे असं तुम्हाला वाटतं?"

"काही नाही. कुणीतरी ऐकतं, एवढंच."

"ऐकतं. मग?"

"त्यानं ऐकलं की ते माझ्याकडे उरत नाही."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग औषधाची मात्रा बदलून दिली, आठवड्यानं यायला सांगितलं. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. आजही पटतं. एखादं खुलाशाचं वाक्य बरोबर असतं आणि तरी त्याच्या बाहेर थोडी जागा उरते.

तीन दिवस मी पेटीत गेले नाही. चौथ्या दिवशी गेले. आपण दुपारी जागेवरून उठून पाणी प्यायला जातो ना, तितक्या सहज.

७

दादाच्या मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. बारीक, कायम कुठल्या तरी कोपऱ्यात, आणि मोज्याच्या आतल्या शिवणीवरून रोज सकाळी रडणारी. शाळेत घंटा झाली की ती बाकाखाली जाऊन बसते. वर्गबाईंनी चिठ्ठी पाठवली, कान तपासून घ्या. दादा तिला घेऊन माझ्याकडेच आला, यात नवल नव्हतं. आईच्या मनगटानंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच चार वाक्यं बोलला.

"हिचे कान तुझ्यावर गेलेत," तो म्हणाला. "वेळेवर बघू दे. तुझी वहिनी म्हणते नखरे आहेत."

मी दहा कारणं काढली. यंत्र नीट चालत नाही म्हटलं, दुसरीकडे ने म्हटलं. त्याला वाटलं मी टाळतेय. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, दहा मिनिटांचं काम, तपासणी संपल्याबरोबर दार उघडायचं, शांततेचा एक सेकंद मिळू द्यायचा नाही.

दादा बाहेर बाकावर बसला. मी मुंगीला खुर्चीत बसवलं. हेडफोन तिला टोचत होते, म्हणून आत माझा रुमाल घातला. तपासणी व्यवस्थित झाली. तिला इतके बारीक आवाज ऐकू येत होते की कागदावर ठिपके मारायला वर जागा उरली नाही. शेवटचा ठिपका मारला आणि मी उठले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. फाइली नेणाऱ्या बाई होत्या. त्यांना सही हवी होती, एका कागदावर, मग दुसऱ्या कागदावर. मी सह्या केल्या. मागे वळले तेव्हा हिरवा दिवा लागलेला होता.

मी खिडकीतून पाहिलं.

मुंगीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. तिचे खांदे खाली आले होते. मी तिला जन्मापासून पाहतेय, तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले नव्हते. डोळे अर्धे मिटलेले. डोकं उजवीकडे कललेलं, कुणाच्या खांद्यावर टेकावं तसं, पण तिथे खांदा नव्हता आणि डोकं तरीही आधारावर असल्यासारखं स्थिर होतं.

तिचे केस वहिनी रोज सोडूनच ठेवते, कारण रबर बँड तिला सोसत नाही. त्या सुट्या, उडत्या केसांचा उजवीकडचा भाग डोक्याला दाबला गेला होता. कानशिलापासून वर, तळहाताहून थोड्या लहान जागेत. मध्ये चपटा, कडेनं वळलेला. भिंतीपलीकडचं ऐकायला आपण भिंतीला कान लावतो, तसा कुणीतरी तिच्या डोक्याला कान लावला होता.

मी पाहत होते तोवर तो दाब थोडा वाढला. आणखी नीट ऐकू यावं म्हणून.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरबाईंनासुद्धा नाही. मला आधी भीती वाटली नाही. आधी हेवा वाटला. ती माझी जागा होती.

मग मुंगीचे ओठ हलले. काचेतून आवाज येत नाही, पण तो शब्द कुणालाही ओठांवरून वाचता येईल. "आई," ती म्हणाली. माझं शरीर माझ्याआधी दाराशी पोचलं. ते जड दार मी कसं ओढलं ते आठवत नाही. खांद्याची शीर नंतर महिनाभर दुखत होती.

"आत्या, अजून थोडा वेळ," मुंगी म्हणाली.

मी तिला उचलून बाहेर आणलं, लोटून दार लावलं आणि जमिनीवर बसले, ती माझ्या मांडीवर. तिचे केस उजवीकडे अजून चपटेच होते. मी ते विस्कटले.

"काय करत होतीस आत?"

"ते ऐकत होतं. मी त्याला घंटा दिली. मग मिक्सर दिला." ती जांभई देत बोलत होती, अगदी निवांत. "मग ते आईची हाक मागत होतं. मी म्हटलं ती मला हवी आहे. पण ते नुसतं थांबून राहिलं."

"दिलीस?"

तिनं विचार केला. "तू दार उघडलंस."

बाहेरून दादानं विचारलं, "झालं का गं?" त्याच्या आवाजानं मुंगी दचकली आणि तिनं कानांवर हात ठेवले. दचकलेलं मूल पाहून इतका आनंद मला पुन्हा कधी होणार नाही.

८

दादाला मी पेटीचं काही सांगितलं नाही. जे खात्रीनं सांगता येण्यासारखं होतं ते सांगितलं. बाकावर त्याच्या शेजारी बसून सांगितलं की मुंगीचे कान उत्तम आहेत आणि ती नखरे करत नाही. मोज्याची शिवण तिला खरोखरच टोचते. घंटा तिला खरोखरच दुखते, आपल्याला बोट दारात सापडल्यावर दुखतं तशी. आणि दुखतंय असं सांगून कुणी खरं मानलं नाही, तर मूल एक दिवस सांगायचं बंद करतं. मग दुखणं आतच राहतं, आणि ते थांबवायला कुणी काहीही मागितलं तरी मूल देऊन टाकतं.

दादा बुटांकडे पाहत होता. मग म्हणाला, "चमचा मी मुद्दाम घासायचो. लहानपणी."

"माहीत आहे."

"तू उठून गेलीस की मला दोन घास जास्त मिळायचे."

आम्ही दोघंही हसलो. मुंगी आमच्या मध्ये बसून एका पायातला मोजा उलटा करून घालत होती, शिवण बाहेर.

रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांना मी लेखी कळवलं की पेटीतले निकाल भरवशाचे नाहीत, आणि कोपऱ्यातल्या खुणांचे सगळे कागद जोडले. ते व्यवहारी गृहस्थ आहेत. त्यांनी यंत्र तळमजल्यावरच्या एका साध्या खोलीत हलवलं आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्याकडे आहे. मी ती मागितलेली नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले होते.

९

आवाज एकेक करून परत आले. आधी ट्यूबलाइट. मग फ्रिज, मग शेजारच्यांचा नळ. पाचव्या आठवड्यात चमचा. मी जेवणावरून उठले, आणि आईनं प्लास्टर घातलेल्या हातानं सगळ्यांचे चमचे गोळा करून लाकडी आणून दिले. नखरे हा शब्द तिनं काढला नाही.

तिचा आवाज सर्वांत शेवटी आला. ती मला हाकही मारत नव्हती. काकूंशी फोनवर कुणाच्या तरी घर बदलण्याबद्दल तावातावानं बोलत होती, आणि एकदम तो आवाज माझ्या डोक्यात खिळ्यासारखा शिरला. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर कान दाबून बसले. मुंगी तिथेच अभ्यास करत होती. तिला दादानं कान झाकायचे, पट्टीला लावलेले मऊ गोळे आणून दिले आहेत. ते काढून तिनं माझ्या डोक्यावर चढवले.

मी ते काढले. "नको. थोडं ऐकू दे."

"दुखतंय ना?"

"हो."

ती माझ्या शेजारी फरशीवर बसली. आम्ही दोघी आजीचं बोलणं ऐकत बसलो, जोवर सोसलं तोवर.

मुंगीला आता शाळेची घंटा दुखत नाही. मिक्सरही नाही. वहिनी म्हणते, सवय झाली. मी मान हलवते.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. परवा आई जुने फोटो काढून बसली होती. एका फोटोत मी चारपाच वर्षांची, त्यांच्या खांद्यावर. आई म्हणाली, "कसे हाक मारायचे ना तुला खालच्या जिन्यातून. सगळी गल्ली वर बघायची."

मला जिना आठवला. ते काय म्हणायचे तो शब्द आठवला, तो मी मनात उच्चारूनही पाहिला, माझ्याच आवाजात. त्यांचा आवाज मी शोधत राहिले. इतकी वर्षं तो कधी शोधावा लागला नव्हता, डोळे मिटले की यायचा. आता तिथे स्वच्छ शांतता होती.

पेटीत मी तो कधी दिल्याचं मला आठवत नाही. माझ्याकडे कुणी मागितलाही नसेल. नुसतं थांबून राहिलं असेल.

"आठवतं ना?" आईनं विचारलं.

"आठवतं," मी म्हटलं, आणि फोटो तिच्या हातात परत दिला.